ना यांचा, ना त्यांचा : फुटबॉलच्या रेफरीचा पोशाख

शाळा सुरू होऊन महिनाभर होतो न होतो, तोच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं सुब्रोतो चषक फुटबॉल स्पर्धेचं पत्र शाळाशाळांत येऊन पडतं. भारतीय हवाई दलाने १९६० मध्ये सुरू केलेली ही शालेय स्पर्धा. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी यांचं नाव तिला दिलेलं आहे. आधी जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य आणि सरतेशेवटी राष्ट्रीय फेरी, अशी तिची चढण. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर किंवा तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर शालेय सामने रंगतात, तेव्हा शिट्टी वाजवणारा माणूस बहुतेक वेळा कुठल्या तरी शाळेचा क्रीडाशिक्षक असतो. पोरं त्याला रेफरी म्हणत नाहीत, ‘सर’च म्हणतात.

खरी गोम इथेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार, तालुके १६. पण त्यात फुटबॉल खेळणाऱ्यांचं आणि खेळवणाऱ्यांचं गणगोत एवढंसं. पुसदचे सर वणीच्या सरांना ओळखतात, दोघांनी एकाच महाविद्यालयातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली असते, आणि गोलकीपरच्या थोरल्या भावाला त्यांच्यापैकी एकाने शिकवलेलं असतं. अशा सामन्यात पेनल्टी दिली की सीमारेषेबाहेरून हमखास आवाज येतो, “सर, ते तं तुमच्याच शाळेचं पोट्टं हाय ना!” आणि त्या वेळी सरांच्या अंगावर त्यांच्याच शाळेचं नाव छापलेला ट्रॅकसूट असेल, तर या टोमण्याला उत्तर नाही.

मोठ्या शहरातल्या व्यावसायिक सामन्यात रेफरी आणि खेळाडू यांचं नातं तेवढ्यापुरतं असतं. जिथे सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, तिथे रेफरीच्या कपड्यांना जास्त काम पडतं. दीड तासापुरतं त्या माणसाचं गाव, शाळा, नातं बाजूला ठेवून त्याला दोन्ही संघांपासून सारखंच परकं करायचं, हे ते काम. रेफरीचा पोशाख ही मोठ्या स्टेडियमची चैन आहे, असं आपल्याकडे मानलं जातं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे : मैदान जितकं लहान आणि माणसं जितकी ओळखीची, तितकी त्या पोशाखाची गरज मोठी.

नियम काय सांगतो?

फुटबॉलचे नियम १७. त्यांपैकी चौथा नियम खेळाडूंच्या साहित्याचा आहे आणि रेफरीच्या शर्टाचं मूळ तिथे आहे. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि सामनाधिकाऱ्यांपासून वेगळे हवेत. दोन्ही गोलकीपरांचे रंग इतर खेळाडूंपासून आणि सामनाधिकाऱ्यांपासून वेगळे हवेत. म्हणजे मैदानावर दोन संघ, दोन गोलकीपर आणि अधिकारी असा रंगांचा हिशेब जुळवावा लागतो, आणि रेफरी आपला रंग सहसा सगळ्यांच्या शेवटी ठरवतो.

याचं कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. चेंडू पायाशी असलेला खेळाडू पास देताना समोरच्याचा चेहरा पाहत नाही. नजर चेंडूवर असते आणि डोळ्याच्या कडेला काहीतरी हलताना दिसतं. कडेच्या नजरेला बारकावे कळत नाहीत. हालचाल कळते आणि रंगाचा ठळक पट्टा कळतो. निळ्या शर्टाच्या संघात रेफरीही निळा असेल, तर त्याच्याकडे पास जाणारच. पूर्वी रेफरीला चेंडू लागला तरी खेळ तसाच चालू राहायचा. २०१९ पासून नियम बदलला. रेफरीला लागून चेंडू गोलात गेला, समोरच्या संघाकडे गेला किंवा त्यातून चढाईची चांगली संधी तयार झाली, तर खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यावा लागतो. एका चुकीच्या शर्टामुळे चांगला चाललेला खेळ तुटू शकतो, तो असा.

गंमत अशी की रेफरीने काळंच घालावं, असं नियमात कुठेही नाही. पाचव्या नियमात रेफरीकडे सक्तीने असायलाच हव्यात अशा वस्तू दिल्या आहेत : शिट्टी, घड्याळ, लाल आणि पिवळं कार्ड, आणि नोंदवही किंवा नोंद ठेवण्याचं दुसरं साधन. या यादीत शर्टही नाही आणि चड्डीही नाही. रंग वेगळा हवा एवढंच नियमाचं मागणं. काळी चड्डी, काळे मोजे, काळे बूट आणि छातीवर डाव्या बाजूला बिल्ला हा बाकीचा थाट संघटनांनी आणि परंपरेने घडवला आहे.

कोट-टायपासून काळ्या शर्टापर्यंत

सुरुवातीच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये रेफरी मैदानात नसायचाच. दोन्ही संघ आपापला एक अंपायर आणत आणि या दोघांचं पटलं नाही, तर बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे वाद नेला जाई. तो तिसरा माणूस म्हणजे रेफरी. १८९१ मध्ये त्याला मैदानात आणलं गेलं आणि दोन अंपायर सीमारेषेवर जाऊन लाइन्समन झाले. मात्र बाहेर उभ्या असलेल्या सभ्य गृहस्थाचे कपडे त्याच्यासोबत आत आले. १९३० मध्ये उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ इथे पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. बेल्जियमचे रेफरी जॉन लांगेनुस त्यात कोट, टाय आणि गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार घालून उतरले होते. त्या दिवशी चेंडू कोणाचा वापरायचा यावरूनही अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचं जुळेना. शेवटी पहिला अर्धा खेळ अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि दुसरा उरुग्वेच्या चेंडूने झाला. उरुग्वेने ४-२ ने बाजी मारली. दोन देशांत चेंडूवरसुद्धा एकमत होत नाही, तेव्हा मधल्या माणसाने कुणाचाच न दिसणं किती गरजेचं असतं, हे त्या सामन्याने दाखवलं.

पुढच्या काळात कोट गेला आणि काळा शर्ट, पांढरी कॉलर, पांढरे कफ हे रूप रुळलं. या घडणीत इंग्लंडच्या स्टॅन्ले राऊस यांचं नाव घेतलं जातं. १९३४ च्या एफए चषकाचा अंतिम सामना त्यांनी खेळवला, रेफरीने मैदानात तिरक्या रेषेत फिरायची पद्धत रूढ केली, नियमांची भाषा सुटसुटीत केली आणि पुढे १९६१ ते १९७४ ते फिफाचे अध्यक्ष होते. काळ्याची निवड व्यवहाराचीही होती. काळ्या रंगाचे संघ फारसे नव्हते, त्यामुळे एका शर्टावर रेफरीचं आयुष्य निघून जाई.

आपल्याकडे हे सगळं ब्रिटिश पलटणींच्या पाठोपाठ आलं. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ मध्ये पहिल्यांदा खेळला गेला. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आजची ‘विफा’, १९११ ची. विदर्भात फुटबॉलची खरी मुळं नागपूर आणि छावणीच्या कामठीत. यवतमाळच्या खेळाडूला मोठा सामना बघायचा तर तिकडेच जावं लागे. काळ्या शर्टातला रेफरी हे चित्र तिथूनच आपल्या डोक्यात बसलं.

ते पुसलं गेलं १९९० च्या दशकात. १९९२ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू झाली आणि रेफरी हिरव्या शर्टात दिसू लागले. काळा रंग मोकळा झाला, आणि वर्षभरात मँचेस्टर युनायटेडने बाहेरच्या सामन्यांसाठी काळा पोशाख काढला. १९९४ च्या अमेरिकेतल्या विश्वचषकात फिफाने रेफरींना रंगीत शर्ट दिले. आता रेफरीच्या बॅगेत पिवळा, लाल, निळा, हिरवा, काळा असे चार-पाच रंग असतात.

यवतमाळच्या शाळेत हा रंगांचा प्रश्न जास्त अवघड होतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जर्सींवर मुलं आपापला देव निवडतात. एक संघ ब्राझीलच्या पिवळ्यात येतो, दुसरा अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्यात, आणि गोलकीपर घरातला जो मिळेल तो टी-शर्ट घालून उभा राहतो. सरांकडे एकुलता एक पिवळा शर्ट असेल, तर ब्राझीलच्या चाहत्यांसमोर ते बाराव्या खेळाडूसारखे दिसणार. म्हणून दोन शर्ट लागतातच : एक काळा किंवा गडद, एक पिवळा किंवा असाच भडक.

कापसाच्या जिल्ह्यात पॉलिएस्टर

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडाच्या कापसाची आठवण झाली. त्याच लँकेशायरच्या गिरणगावांत पुढे व्यावसायिक फुटबॉल फोफावलं. १८८८ च्या पहिल्या फुटबॉल लीगमधल्या १२ संघांपैकी ६ संघ लँकेशायरचे होते. असं असूनही आज यवतमाळच्या रेफरीने सुती शर्ट घालू नये, असंच सांगावं लागतं.

रेफरी एका पूर्ण सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर धावतो. चालणं, उलटं धावणं, झेप घेतल्यासारखी दौड, सगळं त्यात आलं. सुती धागा पाणी पोटात घेतो. कोरड्या दिसणाऱ्या कापसातही हवेतली ओल वजनाच्या साधारण ८ टक्के असते; पॉलिएस्टरमध्ये ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी. घाम आला की सुती शर्ट तो धरून ठेवतो, जड होतो, पाठीला चिकटतो आणि लवकर वाळत नाही. पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही. मात्र त्याच्या विणीतल्या बारीक फटींतून घाम केशाकर्षणाने बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडतो. घाम उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून गार वाटतं. पावसाळ्यात हवा दमट असल्याने घाम उडायला वेळ लागतो. तेव्हा तर पातळ, जाळीदार कापडच हवं. उन्हाळी स्पर्धेत पारा ४२-४३ च्या पुढे गेला की काळा रंग ऊन शोषून घेतो आणि पिवळा बराचसा परतवतो. शिवाय माणसाचा डोळा उजेडात पिवळसर-हिरव्या छटेला सर्वांत जास्त दाद देतो, त्यामुळे ढगाळ दुपारीही भडक पिवळा रेफरी लांबून उठून दिसतो.

पायांचा विचार वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये इथली काळी माती बुटाला लगदा होऊन लागते आणि प्रत्येक पावलागणिक बूट जड होतो. साध्या कॅनव्हासच्या बुटांनी रेफरी घसरतो, आणि घसरलेल्या रेफरीवर मैदान हसतं. खालून खुंट्या असलेले काळे बूट आणि काळे मोजे हीच इथली शहाणी निवड. सामन्याआधी बूट पुसून येण्यामागे कारण आहे. खेळाडूंचे बूट तपासणं हे रेफरीचंच काम. स्वतःच्या बुटांवर गेल्या सामन्याचा चिखल वाळलेला असताना दुसऱ्याच्या बुटांना नावं कशी ठेवणार?

खिसे, शिट्टी आणि अंगठी

रेफरीच्या शर्टाला खिसे असतात, ते शोभेचे नाहीत. लाल आणि पिवळ्या कार्डांची कल्पना इंग्लंडचे रेफरी केन अ‍ॅस्टन यांची. १९६६ च्या विश्वचषकातल्या इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यातल्या गोंधळानंतर लंडनच्या रस्त्यावर सिग्नलचे दिवे पाहताना त्यांना ती सुचली, आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. बरेच रेफरी पिवळं कार्ड छातीच्या खिशात आणि लाल कार्ड चड्डीच्या खिशात ठेवतात, म्हणजे घाईत हात चुकत नाही.

नोंदवही चुकली तर काय होतं, ते २२ जून २००६ रोजी जर्मनीत स्टुटगार्टला साऱ्या जगाने पाहिलं. क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया सामन्यात इंग्लंडचे नावाजलेले रेफरी ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या ३ क्रमांकाच्या योसिप शिमुनिचला पिवळं कार्ड दाखवलं. दुसरं दाखवलं, तेव्हा नोंद केली ती ऑस्ट्रेलियाच्या ३ क्रमांकाच्या खेळाडूपुढे. दोन पिवळी कार्डं मिळूनही शिमुनिच मैदानातच राहिला. तिसरं दाखवल्यावर मग तो बाहेर गेला. पोल यांचा पोशाख निर्दोष होता, धावणं उत्तम होतं. एका चुकीच्या रकान्याने विश्वचषकासारख्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली त्यांची कारकीर्द संपवली. जिल्ह्याच्या सामन्यातही हीच जोखीम आहे. घामाने भिजलेल्या तळहातावर बॉलपेनने आकडे लिहिणाऱ्या सरांपेक्षा खिशात छोटी वही आणि पेन्सिल ठेवणारे सर सुखी असतात. ओल्या कागदावर शाई पसरते, पेन्सिल टिकते.

शिट्टीचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या शिट्टीत बुचाची गोळी असते. ती ओली झाली की अडकते आणि आवाज फुसका निघतो. कॅनडाचे बास्केटबॉल रेफरी रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी १९८४ मध्ये ब्राझीलमधल्या एका सामन्यात ऐनवेळी मुकी झाली. त्यातून १९८७ मध्ये गोळी नसलेली ‘फॉक्स ४०’ शिट्टी बाजारात आली. भर पावसाळ्यात स्पर्धा घेणाऱ्या जिल्ह्यासाठी ही शिट्टी चैनीची वस्तू नाही. आणि एकीवर भागत नाही, दुसरी खिशात हवी.

आता अंगठीचा प्रश्न. नियमानुसार खेळाडूंना कुठलाही दागिना चालत नाही, आणि त्यावर चिकटपट्टी लावूनही चालत नाही. आपल्याकडे हा नियम राबवणं सोपं नाही. मुलांच्या गळ्यात ताईत, मनगटात कडं, दंडावर काळा दोरा. मुलींच्या हातात बांगड्या, कानात डूल. आईने बांधलेला दोरा काढायला सांगणं म्हणजे नाजूक काम. रेफरीलाही दागिन्यांची बंदी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चार बोटांत चार खड्यांच्या अंगठ्या आणि गळ्यात साखळी घालून आलेले सर पोराला ताईत काढायला सांगतात, तेव्हा पोरगं काही बोलत नाही, पण त्याची नजर कुठे गेली ते सगळ्यांना दिसतं. स्वतःचा हात मोकळा असला की तेच सांगणं एका वाक्यात होऊन जातं.

कपड्याने अधिकार येतो का?

१९७४ मध्ये लेनर्ड बिकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या रस्त्यावर एका माणसाने येणाऱ्या-जाणाऱ्यांना किरकोळ हुकूम सोडायचे : ही पिशवी उचला, त्या माणसाला पार्किंगसाठी सुटे पैसे द्या. कधी तो साध्या कपड्यात असे, कधी दूधवाल्याच्या गणवेशात, कधी सुरक्षारक्षकाच्या. रक्षकाचं लोकांनी सर्वांत जास्त ऐकलं. दूधवाल्याच्या गणवेशाने मात्र साध्या कपड्यांपेक्षा काही विशेष फरक पडला नाही. त्या कामाचा अधिकार सांगणारा गणवेश असला, तरच माणसं ऐकतात.

शाळेच्या ट्रॅकसूटमधले क्रीडाशिक्षक या प्रयोगातल्या दूधवाल्याच्या जागी असतात. त्यांच्या अंगावर गणवेश आहे, पण तो दुसऱ्या कामाचा. त्यावरून ते अमुक शाळेचे सर आहेत एवढंच कळतं. रेफरीचा शर्ट ही ओळख झाकतो आणि दुसरी पुढे करतो.

तरीही त्या शर्टाच्या भरवशावर सामना निघत नाही. नीटनेटका पोशाख पहिल्या दहा मिनिटांचा विश्वास मिळवून देतो. तेवढ्यात रेफरीने चेंडूजवळ पोहोचून दोन-तीन निर्णय ठामपणे दिले नाहीत, तर शर्ट कितीही कोरा असो, कुणी विचारत नाही. मधल्या वर्तुळातून न हलता पन्नास मीटर लांबचा हँडबॉल देणाऱ्याचं कोण मानेल? म्हणून ‘दिसण्या’त शरीरही येतं. फिफाच्या पुरुष रेफरींच्या चाचणीत ४० मीटरच्या सहा दौडी असतात, आणि मग ७५ मीटर १५ सेकंदांत धावून २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं चाळीस वेळा करायचं. एकूण ४ किलोमीटर. शालेय रेफरीकडून एवढी अपेक्षा कुणी करत नाही. पण सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांतही धावता येईल इतका दम हवा.

रेफरीचा अधिकार शिट्टीबरोबर सुरू होत नाही, हेही ध्यानात ठेवावं. सामन्यापूर्वी मैदान तपासायला तो आला की अधिकार सुरू होतो आणि सामना संपून तो मैदान सोडेपर्यंत राहतो. सामना संपताच बाउंड्रीवर शर्ट काढून टॉवेल गुंडाळणारे सर, समोर हरलेला संघ हुज्जत घालायला येत असताना, स्वतःचाच अधिकार खुंटीला टांगतात.

मुलींच्या सामन्यांत हा विषय आणखी महत्त्वाचा होतो. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनमधल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक रेफरी होत्या. १ डिसेंबर २०२२ रोजी फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार्ट यांनी कतारमध्ये कोस्टारिका-जर्मनी सामना खेळवला. पुरुषांच्या विश्वचषकातला तो महिला रेफरीचा पहिला सामना. आपल्या तालुक्यातल्या क्रीडाशिक्षिकेसमोर मात्र बहुतेकदा एवढाच पर्याय असतो : पुरुषांच्या मापाचा, खांद्यावरून ओघळणारा शर्ट. मापाचा शर्ट आणि हवी असेल तर काळी ट्रॅकपँट, इतक्याने त्यांची अडचण सुटते. नियमाची त्याला आडकाठी नाही, कारण त्याला फक्त रंग वेगळा हवा आहे.

हे सगळं महाग आहे का? नाही. ब्रँडचा शिक्का रेफरीला लागत नाही. स्वच्छ, कोरा आणि कुणाच्याही नावाचा नसलेला शर्ट लागतो. एकट्या शिक्षकाने मानधनातून दोन शर्ट, दोन शिट्ट्या आणि बूट घ्यावेत, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ उपक्रमात राज्यभर मुलांना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवलं. त्यानंतर खेळणारी मुलं वाढली. त्यांना खेळवणाऱ्यांच्या अंगावर मात्र अजून शाळेचाच ट्रॅकसूट आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी एक पेटी ठेवावी : वेगवेगळ्या मापांचे डझनभर काळे शर्ट, तितकेच पिवळे, कार्डांचे जोड, गोळी नसलेल्या शिट्ट्या, लाइन्समनचे झेंडे. सामन्याआधी घ्यायचे, सामन्यानंतर धुऊन परत करायचे. एका चांगल्या साउंड सिस्टिमच्या भाड्याहून ही पेटी फार महाग पडणार नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात पेनल्टीवरून वाद झालाच, तर तो पेनल्टीवरून होईल. सरांची शाळा कोणती, यावरून नाही.